नदीकाठच्या अंधत्वाविषयी गावांना काय ठाऊक होते

आफ्रिकेतल्या नदीकाठच्या गावांतून गेली काही दशके एकच प्रश्नावली फिरते आहे. देश बदलतो, भाषा बदलते, प्रश्न तेच राहतात. या आजाराचे नाव ऐकले आहे का? तो कशाने होतो? माशी चावल्याने होतो हे ठाऊक आहे का? गोळी घेतली का, नसेल तर का नाही? उत्तरांचे तक्तेही साधारण एकाच वळणाचे निघतात. नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. माशी आणि आंधळेपण यांचा संबंध फार थोडे जण सांगतात. बाकीच्यांच्या उत्तरांत नदीचे पाणी असते, आईबापांकडून आलेले दुखणे असते, वाढते वय असते, कुणाची तरी करणी असते, देवाची इच्छा असते. अहवालाच्या शेवटची शिफारस मग ठरलेली: जनजागृती वाढवावी.

मला या शिफारशीशी भांडायचे आहे. जनजागृती नको असे माझे म्हणणे नाही. पण या आजाराचा इतिहास चाळताना पुन्हा पुन्हा जाणवते की गावकऱ्यांचे अज्ञान जेवढ्या हौसेने मोजले गेले, तेवढी त्यांची जाण कुणी मोजली नाही. काही गोष्टी गावाला ठाऊक होत्या आणि तज्ज्ञांना नव्हत्या. त्यापायी अनेक वर्षे वाया गेली.

आधी आजार समजून घेऊ. शास्त्रीय नाव ऑन्कोसर्कायसिस, बोलीत 'रिव्हर ब्लाइंडनेस'. तो ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो आणि सिम्युलियम जातीची बारकी काळी माशी त्याचा प्रसार करते. ही माशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिला खळाळते, भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. तिच्या अळ्या धारेतल्या दगडांना आणि पाण्यात लोंबणाऱ्या फांद्यांना चिकटून वाढतात. माणसाच्या शरीरात शिरलेला जंत मोठा झाला की मादी 30 ते 50 सेंटिमीटर लांब होते. त्वचेखाली, बहुधा कंबरेच्या किंवा बरगडीच्या हाडाजवळ, एका टणक गाठीत ती वेटोळे करून 10 ते 15 वर्षे राहते आणि रोज शेकडोंनी सूक्ष्म पिल्ले सोडते. पिल्ले त्वचेतून फिरतात, डोळ्यापर्यंत पोचतात. जिवंत असेपर्यंत त्यांचा उपद्रव बेताचाच असतो. ती मरतात तेव्हा शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या जागी दाह होतो. त्वचेवर त्याची असह्य खाज सुटते. डोळ्यात तो वर्षानुवर्षे होत राहिला की बुबुळ पांढुरके पडते आणि गेलेली नजर परत येत नाही.

2017 सालच्या जागतिक अंदाजानुसार 2 कोटी 9 लाख लोकांच्या अंगात हा जंत होता. त्यांपैकी 1 कोटी 46 लाख जणांना त्वचेचा विकार होता आणि साडेअकरा लाख जणांची दृष्टी अधू झालेली किंवा गेलेली होती. रुग्णांपैकी 99 टक्क्यांहून अधिक आफ्रिकेत आहेत. थोडे येमेनमध्ये, थोडे ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलात. भारतात हा आजार नाही. त्वचेचे रुग्ण आणि डोळ्यांचे रुग्ण यांच्यातले हे अंतर लक्षात असू द्यावे, पुढे त्यावर बरेच बोलायचे आहे.

विज्ञानाला हे कोडे सुटायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. 1875 मध्ये जॉन ओनील या ब्रिटिश नौदलाच्या शल्यविशारदाला गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, खाजऱ्या त्वचेत हे सूक्ष्म जंत दिसले. 1915 मध्ये ग्वाटेमालात रोडोल्फो रोब्लेस यांनी डोक्यावरच्या गाठी आणि डोळ्यांचा विकार यांची सांगड घातली. माशी हा आजार पसरवते हे डोनाल्ड ब्लॅकलॉक यांनी सिएरा लिओनमध्ये 1926 मध्ये दाखवले. या सगळ्यापूर्वी आणि या सगळ्याची खबरही नसताना व्होल्टा नदीच्या खोऱ्यातली माणसे नदीकाठ सोडून जात होती. आजचा बुर्किना फासो आणि उत्तर घाना इथल्या नद्यांकाठची जमीन त्या भागातली सगळ्यांत कसदार. ती ओस पडली होती आणि वरच्या झिजलेल्या, मुरमाड पठारांवर शेतकरी दाटीवाटीने राहत होते. कसदार जमीन शेतकरी उगाच सोडत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्मे आंधळे झालेले होते. नदीजवळ राहिले की डोळे जातात, हा निष्कर्ष त्या लोकांनी अनेक पिढ्या पाहून काढला होता आणि तो खरा होता.

मग माशीचे नाव त्यांच्या तोंडी का नव्हते? कारण माशी आज चावते आणि नजर वीस वर्षांनी जाते. शिवाय चावते ती सगळ्यांनाच. काठावरच्या गावात दिवसाला शेकडो चावे अंगावर घेणाऱ्या माणसांपैकी कुणाची नजर जाते, कुणाची राहते. एका चाव्याने काही होत नाही, वर्षानुवर्षांच्या चाव्यांची बेरीज लागते. कारण आणि परिणाम यांच्यात एवढा काळ गेला की डोळ्यांनी दिसणारा दुवा तुटतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय जेवढे कळू शकत होते तेवढे गावांना कळले होते. त्यातला राहिलेला एक दुवा पकडून 'कारणाविषयी अज्ञान' असा शेरा मारणे मला अन्यायाचे वाटते.

यात आणखी एक दुष्टचक्र होते. माश्यांची संख्या तीच राहिली आणि माणसे कमी झाली की उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला चावे जास्त येतात. गावातली तरणीताठी मंडळी निघून गेली की मागे राहिलेल्यांत आंधळ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढे आणि काही वर्षांत सगळे गावच उठे. त्या काळच्या छायाचित्रांतले एक दृश्य पुढे इतके परिचित झाले की त्याचे पुतळे उभे राहिले: म्हातारा काठीचे एक टोक धरून चाललेला आणि दुसरे टोक धरून पुढे एक लहान मुलगा. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात आणि वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेत हा पुतळा आहे. पुतळा पाहताना नजर म्हाताऱ्याकडे जाते. मला त्या मुलाची शाळा आठवते. काठीचे पुढचे टोक धरणे हे घरातल्या एका मुलाचे रोजचे काम असे आणि ते म्हाताऱ्याच्या मरणापर्यंत संपत नसे.

समजा, गावाला माशीचे सगळे शास्त्र शिकवले. पुढे काय? ही माशी दिवसा चावते, उघड्यावर चावते. मच्छरदाणीचा तिच्यापुढे उपयोग नाही. ती पाण्यापासून कित्येक किलोमीटर उडत येते, पावसाळी वाऱ्यांवर स्वार झाली तर शेकडो किलोमीटर. शेत नदीकाठी, पाणी नदीवर, मासेमारी नदीत, धुणे नदीवर. भर उन्हात अंगभर कपडे घालून नांगरट कोण करणार? ज्ञानाचा उपयोग करायला हातात काही साधन नसेल तर ते ज्ञान टिकत नाही, आणि तसे ते टिकावे अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. पाहण्यांमधले 'आळा घालण्याचे उपाय ठाऊक नाहीत' हे उत्तर मी असे वाचतो: सांगण्याजोगा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

1974 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी पश्चिम आफ्रिकेत मोठी मोहीम उघडली. आधी सात देश, पुढे अकरा. हेलिकॉप्टरमधून आणि विमानांतून नद्यांच्या धारेत अळीनाशक सोडायचे, दर आठवड्याला, वर्षानुवर्षे. मोहीम 2002 पर्यंत चालली. 6 लाख लोकांचे अंधत्व टळले आणि अडीच कोटी हेक्टर ओसाड जमीन पुन्हा वहितीखाली आली, असा तिचा हिशेब मांडला जातो. हे यश निर्विवाद आहे. पण या मोहिमेत गावाला करण्यासारखे काही नव्हते. यंत्र आकाशातून येई, काम करून जाई. गावाच्या जाणिवेचा आणि वृत्तीचा प्रश्न त्या काळात फारसा पुढे आला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

गरज पडली ती गोळी आल्यावर. आयव्हरमेक्टिन हे नाव मराठी वाचकाला करोनाच्या दिवसांपासून ओळखीचे आहे; मे 2021 मध्ये गोवा सरकारने 18 वर्षांवरील सगळ्यांना ते देण्याची घोषणा केली होती. करोनावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नव्हता. नदीकाठच्या अंधत्वावर मात्र त्याने खरोखर इतिहास घडवला. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून वेगळा केलेला जिवाणू, अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल यांनी त्यातून शोधलेले जंतनाशक, आणि 1987 मध्ये कंपनीने जाहीर केलेले दान: लागेल तेवढे, लागेल तितकी वर्षे, मोफत. 2015 चे नोबेल पारितोषिक ओमुरा आणि कॅम्बेल यांना मिळाले. औषधाची एक मर्यादा मात्र सगळ्या पुढच्या कथेचे मूळ आहे. ते पिल्ले मारते, गाठीतल्या मोठ्या जंताला मारत नाही. म्हणून गोळी वर्षातून एकदा किंवा दोनदा, सलग 10 ते 15 वर्षे, आणि गावातल्या पात्र माणसांपैकी किमान 80 टक्के लोकांनी घ्यावी लागते. खाज नसलेल्यानेही, डोळे ठणठणीत असलेल्यानेही.

इथे मी त्वचेकडे वळतो, कारण या आढाव्यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

सॅव्हानाच्या उघड्या माळरानात हा जंत डोळे अधिक घेतो. वर्षावनाच्या पट्ट्यात त्वचा. नायजेरियाच्या दक्षिणेत, कॅमेरूनमध्ये, कांगोत लाखो लोक असे होते की त्यांची नजर शाबूत होती पण अंगाची खाज रात्रंदिवस थांबत नव्हती. नखांनी भागत नाही म्हणून माणसे दगडाने, काठीने, कोयत्याच्या पात्याने अंग खाजवत. झोप नाही, कामात लक्ष नाही, मुलांचे शाळेत चित्त नाही. पुढे नडगीवरचा रंग ठिपक्याठिपक्यांनी उडतो, कातडी जाड आणि सुरकुतलेली होते, जांघेतली त्वचा लोंबू लागते. 1990 च्या दशकापर्यंत आरोग्य यंत्रणेच्या लेखी ही किरकोळ तक्रार होती. अंधत्व मोजले जाई, खाज मोजली जात नसे. त्यामुळे जिथे आंधळे कमी तिथे औषधाची निकड कमी, असे धरले जाई.

हे चित्र पालटण्यात नायजेरियाच्या उचे अमाझिगो यांचा वाटा मोठा आहे. त्या परजीवीशास्त्रज्ञ, एन्सुक्का इथल्या विद्यापीठात प्राध्यापक. ग्रामीण स्त्रियांच्या बैठकीत त्यांना अंगभर चट्टे उठलेली एक गरोदर बाई भेटली; त्या चट्ट्यांपायी नवऱ्याने तिला टाकले होते. अमाझिगो यांनी तो धागा सोडला नाही. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाचा विषय होता, या त्वचाविकाराने मुलींची लग्ने कशी लांबतात आणि अंगावर पाजणे आयांना लवकर कसे थांबवावे लागते. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी तेच दाखवले आणि आफ्रिकेच्या उर्वरित भागासाठी 1995 मध्ये नवा कार्यक्रम आखताना त्वचेचा आजार आजार म्हणून धरला गेला. पुढे 2005 ते 2011 या काळात अमाझिगो यांनीच त्या कार्यक्रमाचे नेतृत्व केले.

अंगावरच्या डागांचा लग्नाशी काय संबंध असतो हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कोडाच्या एका ठिपक्यासाठी मोडलेल्या सोयरिकी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. आफ्रिकेतल्या अभ्यासांत स्त्री आणि पुरुष यांच्या चिंता वेगळ्या निघाल्या. पुरुष काम, कमाई आणि लैंगिक क्षमता यांच्याविषयी बोलले; स्त्रिया रूप, लग्न आणि चारचौघींत मिसळणे यांच्याविषयी. इथिओपियाच्या कॉफीच्या मळ्यातल्या पाहणीत त्वचेचा तीव्र विकार असलेल्या मजुरांची रोजची कमाई इतरांपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी भरली.

आणि तरी हा कलंक सगळीकडे सारखा नाही. ज्या गावात निम्म्याअधिक प्रौढांच्या नडग्यांवर ठिपके आहेत तिथे ते वयाचे लक्षण मानले जाते, पांढऱ्या केसांसारखे. तिथे 'हा आजार आहे का' असे विचारले तर उत्तर 'नाही' येते, आणि तक्त्यात ते अज्ञानाच्या रकान्यात जाऊन बसते. प्रादुर्भाव मध्यम असलेल्या गावात मात्र तेच ठिपके बोट दाखवण्याजोगे ठरतात. वृत्ती ठरते ती शिक्षणापेक्षा शेजाऱ्याच्या कातडीवरून. औषध काही वर्षे सलग पोचल्यावर खाज थांबली, नवी पिढी नितळ त्वचेची वाढली, तशी माणसे टाळण्याची सवयही ओसरली. नंतरच्या पाहण्यांत हे स्पष्ट दिसते. भाषणांनी जे क्वचितच झाले ते गोळीने केले.

गोळी पोचवण्याची रीत हा या कथेतला दुसरा मोठा धडा. सुरुवातीला फिरती पथके गावोगाव जात. खर्च फार, आणि पथक आले त्या दिवशी अर्धे गाव शेतावर. 1994 ते 1996 या काळात अनेक देशांत एक तुलना करून पाहिली गेली: काही गावांत वाटपाची आखणी बाहेरच्यांनी केली, काही गावांत सगळे गावावर सोपवले. कोणत्या महिन्यात वाटायचे, घरोघर जायचे की एका जागी बोलवायचे, वाटणारे कोण, हे गावाने ठरवायचे. गावाने ठरवलेले वाटप जास्त लोकांपर्यंत पोचले. 1997 पासून हीच पद्धत आफ्रिकेच्या कार्यक्रमाचा कणा झाली.

हे वाटप जवळून पाहिले तर अगदी साधे असते. वाटणाऱ्याकडे घरवार नावांची वही, गोळ्यांचा डबा आणि खुणा केलेली एक उंच काठी. वजनकाटा लागत नाही. उंचीवरून मात्रा ठरते. 90 सेंटिमीटरच्या खालच्या मुलांना गोळी नाही, त्याच्या वर उंचीप्रमाणे एक, दोन, तीन, आणि 159 सेंटिमीटर किंवा त्याहून उंच माणसाला चार. गरोदर बायका, बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यातल्या बायका आणि अंथरुणाला खिळलेले यांना वगळायचे. गोळी समोर गिळायची, वहीत खूण करायची. नीट वाचता येणारा कुणीही हे करू शकतो, आणि लाखो जणांनी ते केले.

वाटणारे कोण असावेत यावर युगांडात मोझेस काताबार्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मला फार मोलाचे वाटते. गावपुढाऱ्याने निवडलेल्या एकदोन माणसांवर सगळे गाव सोपवले की ती थकतात, मोबदला मागतात, परक्यांच्या घरात शिरायला कचरतात. त्याऐवजी प्रत्येक भावकीने आपला वाटणारा निवडला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच घरे येतात, तीही नात्यातली, आणि बायकाही मोठ्या संख्येने हे काम करू लागतात. भावकी म्हणजे भांडणाचे मूळ अशी आपली समजूत. तिथे तिने औषध घरात पोचवले.

लोकांना गोळी आवडण्याची कारणेही कार्यक्रमाच्या पत्रकांतल्यापेक्षा वेगळी होती. पोटातले जंत पडत, डोक्यातल्या उवा मरत, खरूज बरी होई. अंधत्व टळणे ही वीस वर्षांनंतरची, कधीच न दिसणारी गोष्ट. जंत पडलेले उद्या सकाळी दिसतात. पुष्कळांनी गोळी घेतली ती यासाठी, आणि त्यात काही चूक नाही.

नाकारणाऱ्यांची कारणे मात्र नीट ऐकायला हवीत. पहिल्या मात्रेनंतर अंगातली पिल्ले मोठ्या संख्येने मरतात तेव्हा खाज वाढते, अंग सुजते, ताप येतो. ज्याच्या अंगात जंत जास्त, त्याला त्रास जास्त. शेजारी हे बघतो आणि ठरवतो की आपल्याला तर काहीच होत नाही, मग हे विकतचे दुखणे कशाला? ज्याला कुणी आधी बजावून ठेवले होते, तो त्याच सुजेला औषध लागू पडल्याची खूण समजतो. दोघांचा अनुभव एकच, अर्थ उलटे. आणि हा फरक पडतो तो वाटणाऱ्याने आदल्या दिवशी पाच मिनिटे बसून सांगितले की नाही यावर. शिवाय जुन्या औषधांची आठवण आहे. आयव्हरमेक्टिनच्या आधीचे डायइथिलकार्बामाझिन या रुग्णांना दिले की भयंकर प्रतिक्रिया येई, डोळ्यांना इजाही होई. गोळीने मूल होत नाही ही अफवा अनेक देशांत पसरली, आणि ती पसरली त्या प्रदेशांत सरकारच्या इतर मोहिमांविषयीही असाच संशय होता.

कॅमेरूनच्या ओकोला जिल्ह्यात तर भीतीला भक्कम आधार होता. मध्य आफ्रिकेच्या जंगलात लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आहे. तो कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. ज्याच्या रक्तात त्याची पिल्ले प्रचंड संख्येने असतात, त्याला आयव्हरमेक्टिन दिले तर मेंदूवर सूज येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो, मरूही शकतो. 1999 मध्ये ओकोलात हे घडले आणि वाटप थांबले. त्यानंतर तिथल्या कुणी गोळी नाकारली तर त्याला गैरसमज म्हणण्याचा अधिकार कुणाला उरतो? या भीतीवरचा उपाय 2015 मध्ये मिळाला. मोबाइल फोनला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने बोटातल्या रक्ताच्या थेंबाची दोनतीन मिनिटांत तपासणी करायची आणि लोआची पिल्ले जास्त असलेल्यांना गोळीतून वगळायचे. सुमारे 16 हजार लोक तपासले गेले, 340 जण वगळले गेले, आणि साडेपंधरा हजारांहून अधिक जणांनी गोळी घेतली. मेंदूची गंभीर बाधा एकालाही झाली नाही. ओकोलातल्या लोकांची वृत्ती बदलायला पत्रक लागले नाही. त्यांच्या भीतीचे कारण दूर करावे लागले.

फेफऱ्याचा प्रश्न असाच. दक्षिण सुदान, उत्तर युगांडा, टांझानियाचा माहेंगे भाग, कॅमेरून इथल्या नदीकाठच्या गावांत मुलांना फेफरे येण्याचे प्रमाण विलक्षण आहे. काही मुलांच्या माना जेवताना वारंवार खाली पडतात, वाढ खुंटते. माशी आणि जंत जिथे जास्त तिथे हे जास्त, असे आता अनेक अभ्यासांतून दिसले आहे; नेमकी यंत्रणा मात्र अजून उलगडलेली नाही. दक्षिण सुदानमधल्या मारिदीत 2018 च्या पाहणीत लोकसंख्येच्या 4.4 टक्के लोकांना फेफरे होते, आणि धरणाजवळच्या वस्तीत त्याहून जास्त. लाळेतून आजार लागतो या समजुतीने अशा मुलांना वेगळे जेवायला बसवतात. झटका येऊन चुलीत पडलेल्या मुलालाही हात लावायला लोक धजत नाहीत. हा गैरसमज आहे, तो दूर व्हायलाच हवा, आणि त्याबरोबर फेफऱ्याची स्वस्त औषधे गावात मिळायला हवीत. मारिदीत धरणाच्या सांडव्यावरची, पाण्यात लोंबणारी झाडोऱ्याची जाळी हीच माश्यांची मुख्य वाढीची जागा निघाली. गावातल्या तरुणांनी कोयते घेऊन ती छाटून काढली आणि चावे लक्षणीय घटले. इथे माशीविषयीचे ज्ञान गावात टिकले, कारण त्या ज्ञानाचे करायचे काय हे हातातल्या कोयत्याला कळत होते.

पाहण्यांवरचा माझा आक्षेप आता नेमकेपणाने मांडता येईल. आरोग्य कर्मचाऱ्याने दहा वर्षे 'माशी, माशी' म्हटल्यावर गावकरीही प्रश्नावलीला 'माशी' असे उत्तर देतो. पाहुण्याला हवे ते उत्तर देणे ही ग्रामीण रीत आहे. तक्त्यात ज्ञान वाढलेले दिसते. पण त्याने सलग किती वर्षे गोळी घेतली, घरातली कोणती व्यक्ती दरवर्षी राहून जाते, याचा पत्ता त्यातून लागत नाही. गरोदर म्हणून एकदा वगळलेली बाई पुढच्या फेरीत, नियमात तसे नसले तरी, अंगावर पाजते म्हणून राहून जाते, तिसऱ्या खेपेला पुन्हा गरोदर असते, आणि पाचसहा वर्षे तिला गोळी मिळतच नाही. गुरे घेऊन हिंडणारे फुलानी, मासेमारीला गेलेले, खाणीवर गेलेले तरुण वहीत असतात, गावात नसतात. या माणसांना माहिती कमी नाही. वाटपाचा दिवस त्यांच्या आयुष्यात बसत नाही.

वाटणाऱ्यांची दमछाक हाही वृत्तीचाच प्रश्न आहे, फक्त तो प्रश्नावलीत येत नाही. वर्षानुवर्षे बिनपगारी काम, शेजारी पोलिओच्या किंवा इतर मोहिमेत काम करणाऱ्याला रोजचा भत्ता, आणि यांना मात्र 'गावाने तुमची सोय करावी' असे तोंडी आश्वासन. गावानेही काही ठिकाणी धान्य दिले, शेतकामाला हात लावला. बऱ्याच ठिकाणी काहीच दिले नाही. याला गावाची अनास्था म्हणण्याआधी सरकारांनी आपले वेतनपत्रक पाहावे.

आपल्याकडे या सगळ्याचा खरा धागा विदर्भात आहे. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधांची एकत्रित मात्रा देण्यात आली. तिसरे औषध म्हणजे हेच आयव्हरमेक्टिन. आजार दुसरा, जंत दुसरा, वाहक डास. पण दारात आलेल्या आशाताईंना 'मला काही झालेले नाही, मी कशाला गोळी घेऊ' म्हणणारा माणूस तोच. आशाताईंच्या देखत घेतलेली गोळी आणि नंतर घेईन म्हणून कोनाड्यात ठेवलेली गोळी यांतला फरक गडचिरोली-चंद्रपूरच्या कर्मचाऱ्यांना शिकवावा लागत नाही. नायजेरियाच्या वहीवाल्याशी त्यांची बैठक जमली तर अर्ध्या गोष्टी दोघांना सांगाव्याच लागणार नाहीत.

सध्याची स्थिती अशी. कोलंबिया 2013, एक्वाडोर 2014, मेक्सिको 2015, ग्वाटेमाला 2016 या क्रमाने मुक्त जाहीर झाले. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, जानेवारी 2025 मध्ये. नायजेरियातल्या प्लॅटो आणि नासारावा राज्यांत, सुदानमध्ये नाइलकाठच्या अबू हमदमध्ये, युगांडाच्या अनेक भागांत प्रसार थांबला आहे. त्याच 2025 मध्ये अमेरिकी सरकारने आपली परदेशी मदत आवरली आणि या कार्यक्रमांचा एक मोठा आधार निघाला. मर्कच्या गोळ्या अजून मोफत येतात. त्या गावापर्यंत नेणारे वाहन, वही, प्रशिक्षण यांचा पैसा आता घरातून काढायचा आहे. शिवाय आंधळा म्हातारा ज्याने कधी पाहिलाच नाही अशी पिढी आता गोळी घ्यायच्या वयाची आहे. तिला गोळीचे कारण कुणाच्या तरी सांगण्यावरूनच कळणार, स्वतःच्या डोळ्यांनी नाही.

गोळ्या थांबवायच्या तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: दहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तात जंताची खूण जवळजवळ नाही, आणि नदीवरच्या किमान 6 हजार माश्या तपासल्या तरी त्यांत जंत सापडत नाही. त्यानंतर तीन ते पाच वर्षे पहारा. या माश्या पकडण्याची जुनी रीत म्हणजे नदीकाठी पाय उघडा टाकून बसायचे आणि माशी टेकली की नळीत घ्यायची. हे काम गावातल्याच माणसांनी केले. आता मेक्सिकोत तयार झालेला एस्पेरांझा नावाचा सापळा आहे: निळ्या-काळ्या पट्ट्यांचा, चिकट लेप लावलेला पडदा, त्याच्याजवळ माणसाच्या घामाचा वास असलेला जुना कपडा. बुर्किना फासोत गावकऱ्यांनी तो स्वतः उभा केला आणि स्वतः चालवला. पडद्यावर चिकटलेल्या माश्या वेचून त्या प्रयोगशाळेकडे पाठवतात, आणि गोळ्या थांबवायच्या की नाही याचा निकाल त्या नमुन्यांवर लागतो.